अळवाचं पान आणि सोसायटीची भिंत : ‘सेल्फ-क्लीनिंग’ कोटिंग विकण्याआधी हे शिका



मागच्या व्हिडिओत मी दुकानाच्या काऊंटरवर दोन टाईल ठेवून त्यावर पाणी टाकून दाखवलं होतं. एकीवर पाण्याचे मोती झाले आणि घरंगळून गेले, दुसरीवर पाणी पसरून बसलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, “सर, हा बिझनेस सुरू करू का? भांडवल कमी लागतं, डेमो भारी दिसतो, सोसायट्या तर गल्लोगल्ली आहेत.”

उत्तर आहे : हो, करा. पण आधी माझे ८६ हजार रुपये कसे गेले ते ऐका. फी मी भरलेली आहे, तुम्ही फक्त धडा घ्या.

माझी चूक

पनवेलला माझं पेंट आणि हार्डवेअरचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी एका सप्लायरने मला असाच मोत्यांचा डेमो दाखवला आणि मी भारावलो. चार मजली सोसायटीचं काम घेतलं. सेक्रेटरी काका बँकेतून रिटायर झालेले, हिशोबाला एकदम पक्के. त्यांना मी व्हॉट्सॲपवर लिहून दिलं, “सेल्फ-क्लीनिंग कोटिंग, झिरो मेंटेनन्स, पाच वर्षं भिंतीकडे बघायला नको.”

काम ऑक्टोबरमध्ये केलं. दिवाळीत बिल्डिंग झकास दिसत होती. मार्चपर्यंत हायवेची धूळ भिंतीला अशी चिकटली की शेजारची कोटिंग न केलेली बिल्डिंग जास्त स्वच्छ वाटायला लागली. छज्जाखाली काळे ओघळ आले. पुढच्या पावसात उत्तरेकडची भिंत हिरवी झाली.

मला मीटिंगला बोलावलं. मी म्हणालो, “काका, पाऊस पडला की आपोआप धुतलं जातं, असं आहे ते.” काकांनी मोबाईल काढून माझाच मेसेज सगळ्यांसमोर वाचला आणि विचारलं, “अहो, पावसाचे चार महिने तुम्ही धरलेत. उरलेल्या आठ महिन्यांचं काय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटचा हप्ता अडकला. सगळी भिंत स्वतःच्या खर्चाने धुऊन द्यावी लागली. अडकलेली रक्कम आणि धुण्याचा खर्च मिळून ८६ हजार.

कोटिंग खोटं होतं का? नाही. मी चुकीच्या भिंतीवर, चुकीचं वचन देऊन ते विकलं. माझ्याकडे बीबीएची डिग्री होती, मार्केटिंग येत होतं, पण माल कसा काम करतो हे मी कधी वाचलंच नव्हतं. म्हणून आज आधी माल समजून घेऊ, मग पैशाचं बोलू.

‘सेल्फ-क्लीनिंग’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी

*पहिला प्रकार : पाणी झटकणारं*

‘अळवावरचं पाणी’ आपण लहानपणापासून ऐकतो. अळवाच्या पानावर थेंब टिकत नाही, घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. कमळाच्या पानाचंही तसंच. जर्मनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली याचं कारण शोधलं. पान डोळ्यांना गुळगुळीत दिसतं, पण त्यावर अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि वर मेणाचा थर. थेंब फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो, खाली हवा राहते. धुळीचा कणही टोकांवरच बसलेला असतो, त्यामुळे तो थेंबाबरोबर सहज निघतो. १९९७ साली त्यांचा आणि नाईनहुइस यांचा याबद्दलचा पेपर गाजला आणि ‘लोटस इफेक्ट’ हे नाव जगभर झालं.

आता धंद्याची गोष्ट. थेंब पृष्ठभागाला कोणत्या कोनात टेकतो यावरून दर्जा ठरतो. कोन ९० अंशांपेक्षा जास्त असेल तर पृष्ठभाग पाणी झटकणारा म्हणतात. खरं कमळासारखं काम १५० अंशांच्या वर होतं आणि तिथे भिंत जराशी कलती असली तरी थेंब घरंगळतो. बाजारात ‘नॅनो’ नावाने मिळणारे बरेच माल या दोन आकड्यांच्या मध्ये असतात. त्यांच्यावर मोती सुंदर दिसतो, पण जागच्या जागी बसून राहतो. तो तिथेच वाळला की धुळीचा ठिपका मागे सोडतो. बोअरचं खारं पाणी असेल तर क्षारांचा पांढरा डाग राहतो.

लक्षात ठेवा : पाणी झटकणं म्हणजे आपोआप स्वच्छ होणं नव्हे. डेमोमध्ये मोती बघू नका, मोती घरंगळतो का ते बघा.

आणि खरे कमळासारखे पृष्ठभाग नाजूक असतात. हात, झाडू, ब्रश लागला की ते सूक्ष्म उंचवटे झिजतात. पानाला जखम झाली तर ते पुन्हा मेण तयार करू शकतं, भिंत करू शकत नाही.

*दुसरा प्रकार : पाणी पसरवणारं आणि उन्हावर चालणारं*

हा प्रकार बरोबर उलटा आहे. यात टायटॅनियम डायऑक्साईडचे अतिसूक्ष्म कण असतात, बहुतेक वेळा ‘अनाटेज’ प्रकारचे. उन्हातली अतिनील किरणं पडली की हे कण तेलकट, धुराच्या आणि जैविक मळाचं हळूहळू विघटन करतात. सोबत पृष्ठभाग पाण्याला इतका ओढतो की थेंब न होता पातळ पडदा पसरतो आणि मळाच्या खाली शिरून त्याला घेऊन जातो.

याची मुळं जपानमध्ये आहेत. फुजिशिमा आणि होंडा या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साईड आणि प्रकाश वापरून पाण्याचं विघटन दाखवलं. तिथून पुढे टाईल, काच, सिमेंट असं बरंच काही आलं. पिल्किंग्टन कंपनीची अशी काच २००१ मध्ये बाजारात आली. रोममधलं जुबिली चर्च २००३ मध्ये पूर्ण झालं, त्याच्या पांढऱ्या काँक्रीटमध्ये असंच सिमेंट आहे.

इथे तीन गोष्टी वहीत लिहून घ्या.

१. “यात टायटॅनियम आहे” हा पुरावा नाही. साध्या पांढऱ्या रंगातही टायटॅनियम डायऑक्साईड असतंच. पण ते ‘रुटाईल’ प्रकारचं असतं आणि त्याच्या कणांवर मुद्दाम वेगळा थर दिलेला असतो, म्हणजे ते उन्हात रंगाला खाऊन भुकटी करणार नाही.

२. हा माल खालच्या रंगालाही मळच समजतो. ॲक्रिलिक रंगावर तो थेट मारला तर रंगाचा बाइंडरच खराब होऊ शकतो. कंपनीने मधला संरक्षक थर सांगितला असेल तर तो वगळून पैसे वाचवू नका.

३. ऊन नाही तर काम नाही. जिना, पॅसेज, बंद हॉल इथे हा प्रकार विकू नका. घरातल्या नेहमीच्या एलईडी दिव्यांतून त्याला लागणारी किरणं मिळत नाहीत.

काचेचं काम घेणाऱ्यांसाठी एक जादा टीप. पाणी पसरवणाऱ्या काचेजवळ साधं सिलिकॉन सीलंट वापरलं तर त्याचं तेल काचेवर पसरतं आणि तेवढ्या पट्ट्यात पाणी पसरायचं थांबतं. कोणतं सीलंट चालतं ते काच कंपनीला विचारूनच घ्या.

मग माझ्या भिंतीवर काय बिघडलं?

मी मारलं होतं सिलेन-सिलॉक्झेन जातीचं पाणीरोधक. हा चांगला माल आहे. वीट, काँक्रीट, कोकणातला जांभा यांच्या बारीक छिद्रांत तो आत शिरतो, पाणी अडवतो आणि भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो. पण त्याला शिरायला उघडी छिद्रं लागतात. माझ्या सोसायटीवर आधीच ॲक्रिलिक रंगाचे दोन हात होते. माल आत जाणार कुठून? तो वरच चिकट राहिला आणि धुळीला गोंद मिळाला.

दुसरं, आपल्याकडे पाऊस साधारण जून ते सप्टेंबर. पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे. दोन्ही प्रकारांना मळ वाहून न्यायला पाणी लागतंच. छज्जाखाली तर पावसाळ्यातही पाऊस पोचत नाही, फक्त कडेवरून ओघळ येतात. म्हणून काळे पट्टे.

तिसरं, उत्तरेच्या भिंतीला ऊन कमी, ओल जास्त. तिथे शेवाळ येणारच होतं, कारण पाइपची एक गळती मी न बघता वरून काम उरकलं होतं. आतून येणारी ओल कोणतंही कोटिंग थांबवत नाही. भेगाही ते बुजवत नाही.

काम घेण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

साइटवर गेलात की टेप काढण्याआधी हे तपासा.

१. पृष्ठभाग कोणता? उघडी वीट, काँक्रीट, जांभा, रंगवलेलं प्लास्टर, काच की टाईल?
२. गळती, ओल, भेगा, क्षार फुललेले आहेत का? असतील तर आधी दुरुस्ती. आपल्याला जमत नसेल तर काम सोडा.
३. पाऊस कुठे पोचतो आणि कुठे नाही? छज्जा, बाल्कनीची खालची बाजू, एसीचं पाणी जिथे पडतं ती जागा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.
४. ऊन किती तास येतं?
५. मळ कसला आहे? धूळ, गाड्यांचा धूर, शेवाळ, गंजाचे ओघळ, सिमेंटचे शिंतोडे? गंज, सिमेंट आणि क्षार यांचं विघटन कोणतंच कोटिंग करत नाही. जिन्यातल्या पानाच्या पिचकाऱ्यांसाठी तर अजून माणूसच लागतो.
६. धुवायला पाणी आहे का, आणि कसलं? मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीला “महिन्यातून एकदा फवारा मारा” सांगून उपयोग नाही.

सप्लायरकडून मालाचं तांत्रिक माहितीपत्रक आणि सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्या. कोणत्या पृष्ठभागावर चालतो, एका लिटरमध्ये किती जागा, पुन्हा कधी मारायचा, वॉरंटीच्या अटी काय, हे त्यात वाचा. उन्हावर चालणारा माल असेल तर आयएसओ २७४४८ या चाचणीचा रिपोर्ट आहे का विचारा. त्यात अतिनील प्रकाश दिल्यावर थेंबाचा कोन किती उतरतो ते मोजतात. “रिपोर्ट नंतर पाठवतो” म्हणणाऱ्याचा माल नंतरच घ्या.

सोलर पॅनलवर काम मागितलं तर आधी पॅनल कंपनीच्या वॉरंटीत कोटिंग चालतं का ते ग्राहकाला लेखी विचारायला सांगा. भिंत बिघडली तर धुता येते, पॅनलची वॉरंटी गेली तर तुमचं दुकान विकावं लागेल.

सॅम्पल पॅच : याच्याशिवाय कोटेशन नाही

भिंतीवर दोन जागा निवडा. एक ऊन-पावसातली, एक छज्जाखालची. प्रत्येक ठिकाणी १० स्क्वेअर फूट धुऊन, पूर्ण वाळवून कोटिंग करा आणि शेजारी तेवढीच जागा नुसती धुऊन सोडा. ही साधी जागा फार महत्त्वाची. तुलना नसेल तर सुधारणा कोटिंगमुळे झाली की धुण्यामुळे, हे तुम्हालाही कळणार नाही.

पॅचला महिनाभर वेळ द्या. ग्राहकाला फोटो पाठवत राहा. यात दोन फायदे होतात. ग्राहक स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, आणि माल प्रत्यक्षात किती लागतो हे तुम्हाला समजतं. दुसरा फायदा किती मोठा आहे ते आता बघू.

हिशोब : डब्यावरचा आकडा आणि भिंतीवरचा आकडा

खालचे रेट फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या गावचे रेट टाकून पुन्हा मांडा.

समजा बंगल्याची १,००० स्क्वेअर फूट उघडी विटांची भिंत आहे. माल ४०० रुपये लिटर. डब्यावर लिहिलंय, एका लिटरमध्ये ८० स्क्वेअर फूट. म्हणजे १२.५ लिटर, ५,००० रुपये. पण जुनी वीट जास्त पिते. पॅचवर तुम्हाला ५० स्क्वेअर फूटच मिळाले. म्हणजे २० लिटर, ८,००० रुपये.

आता पूर्ण खर्च :

– धुणं, शेवाळ काढणं, किरकोळ भेगा : ५,०००
– माल : ८,०००
– मजुरी : ६,०००
– परांची : ४,०००
– पॅच, मास्किंग, वाहतूक : १,५००
– दुकानाचा खर्च आणि एक परतफेरी : २,५००

एकूण २७,००० रुपये.

विक्रीवर २५ टक्के मार्जिन हवं असेल तर २७,००० ला ०.७५ ने भागा. कोटेशन ३६,०००. बरेच जण २७,००० मध्ये २५ टक्के मिळवतात आणि ३३,७५० सांगतात. तिथे मार्जिन २० टक्केच होतं.

पॅच न करता डब्यावर विश्वास ठेवला असता तर खर्च २४,००० धरून तुम्ही ३२,००० सांगितले असते. प्रत्यक्ष खर्च २७,०००. हातात आले ५,०००, म्हणजे साधारण साडेपंधरा टक्के. आणि एक डबा जादा लागला तर तेही गेले. जीएसटी वेगळा दाखवा, तो पैसा आपला नाही.

परांची आणि सेफ्टीमध्ये कात्री लावू नका. उंचीवरच्या माणसाला फुल बॉडी हार्नेस, हेल्मेट आणि विमा हवाच. जोराचा वारा असेल तर काम बंद. स्प्रे करत असाल तर काचा आणि खालच्या गाड्या झाका. सिलेनचे शिंतोडे काचेवर वाळले की निघता निघत नाहीत. सॉल्व्हंटचा माल असेल तर जवळपास विडी-सिगारेट, वेल्डिंग काहीही नको.

वचन कसं लिहायचं

माझं सगळं नुकसान एका वाक्यामुळे झालं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतली त्रुटी, दोन्हींची तरतूद आहे. व्हॉट्सॲपचा मेसेजही तुमचा शब्दच असतो. म्हणून हे शब्द आजपासून बंद : झिरो मेंटेनन्स, लाइफटाइम, शंभर टक्के, कधीच मळणार नाही.

त्याऐवजी मी कोटेशनमध्ये असं लिहितो :

“हे कोटिंग भिंतीत मुरणारं पाणी कमी करतं आणि मळ सैल ठेवतं, त्यामुळे धुणं सोपं होतं. वर्षातून दोन वेळा साध्या पाण्याने धुणं आवश्यक आहे. छज्जाखालचा भाग, गंजाचे आणि क्षारांचे डाग, आतून येणारी ओल आणि नवीन भेगा यांना हे काम लागू नाही. सॅम्पल पॅचचे फोटो सोबत जोडले आहेत.”

तुम्ही म्हणाल, सर, असं लिहिलं तर ग्राहक पळून जाईल. काही पळतात. ते पळालेलेच बरे. जे थांबतात ते पैसे वेळेवर देतात, कारण त्यांना काय मिळणार हे आधीच माहीत असतं.

खरा धंदा इथे आहे

आता विचार करा. कोटिंग एकदा होतं, पुन्हा मारायला काही वर्षं जातात. एवढ्यावर दुकान चालत नाही. पण “वर्षातून दोन वेळा धुणं” हे वाक्य पुन्हा वाचा. ती अट तुमचं वार्षिक मेंटेनन्स काँट्रॅक्ट आहे.

पहिली फेरी पाऊस संपल्यावर, दिवाळीआधी. दुसरी फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाणीटंचाईच्या आधी. प्रत्येक फेरीत हलका फवारा, मऊ ब्रश, फोटो आणि एक पानाचा रिपोर्ट : कुठे भेग दिसली, कुठे गळती सुरू झाली, कुठे पाणी आता झटकलं जात नाही. कोटिंग चांगलं असेल तर मळ लवकर सुटतो, कमी पाण्यात आणि कमी मजुरीत काम होतं. तो फायदा थोडा ग्राहकाला, थोडा तुम्हाला.

आणि तेच सेक्रेटरी काका? पुढच्या वर्षी मी त्यांच्याकडे परत गेलो. आधी गळती दुरुस्त करायला सांगितली, छज्जाला ओघळ तोडणारी पट्टी काढून दिली, आणि कोटिंगचं नाव न काढता फक्त दोन फेऱ्यांचं कोटेशन दिलं. त्यांनी तीन वेळा वाचलं आणि विचारलं, “यात पाच वर्षांचं काही लिहिलं नाहीत?” मी म्हणालो, “नाही काका, या वेळी जेवढं करणार तेवढंच लिहिलंय.” त्यांनी सही केली. ती सोसायटी आज माझी सगळ्यात जुनी मेंटेनन्स ग्राहक आहे.

या आठवड्याचा होमवर्क

दोन सारख्या विटा घ्या. एकीला पाणीरोधक लावा, एक साधी ठेवा. दोन्ही धुळीच्या रस्त्याकडेला, तिरप्या ठेवून पंधरा दिवस सोडा. मग दोन्हींवर सारखंच एक-एक तांब्या पाणी हळू ओता. किती मळ गेला, किती राहिला, याचे फोटो काढा. जे राहिलं ते वहीत लिहा.

राहिलेल्या मळाची ती यादीच तुमच्या पहिल्या कोटेशनच्या अटी आहेत. ती तयार झाल्याशिवाय कुणालाही रेट सांगू नका.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. विषय असेल, मेंटेनन्स काँट्रॅक्टचा रेट कसा ठरवायचा. तोपर्यंत विटा उन्हात ठेवा आणि जीभ आवरा!